कोयत्याची जखम आणि पाच वर्षांची मुदत

१/ दिवाळी सरली की बीड जिल्ह्याच्या शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. पहाटेच्या अंधारात फड तोडताना बोट तुटते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवर चढताना पाय निसटतो, भरलेली गाडी उलटते. अशा जखमीला भरपाई किती काळ मिळावी? हा प्रश्न जुना आहे आणि त्याचा इतिहासही एका उलटलेल्या गाडीपासून सुरू करता येतो.

२/ १८३७, इंग्लंड. एका खाटकाची प्रमाणाबाहेर लादलेली गाडी मोडली आणि प्रीस्टली नावाच्या नोकराची मांडी मोडली. त्याने मालक फाउलरवर दावा लावला. वरिष्ठ न्यायालयाने मालकाला जबाबदार धरले नाही. कामातला धोका नोकराने आधीच पत्करलेला असतो, अशी भूमिका या निकालातून पुढे दृढ झाली. भरपाईचा काळ त्या वेळी शून्य होता.

३/ हे चित्र प्रथम जर्मनीत पालटले. बिस्मार्कच्या कारकिर्दीत १८८४ साली अपघात विम्याचा कायदा झाला. पहिले तेरा आठवडे आजारपणाच्या निधीतून मदत मिळे, त्यानंतर निवृत्तिवेतन. पूर्ण अपंगत्व असेल तर ते वेतनाच्या दोन तृतीयांश इतके असे. १८९७ च्या इंग्लिश कायद्याने जखमीला, असमर्थता टिकेल तोवर, दर आठवड्याला अर्ध्या वेतनापर्यंत रक्कम देऊ केली. चूक कोणाची, हा प्रश्न आता दुय्यम ठरला.

४/ हिंदुस्थानात कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ साली संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. तात्पुरत्या अपंगत्वासाठी दर पंधरवड्याला मासिक वेतनाचा चौथा हिस्सा द्यायचा, म्हणजे महिन्याकाठी अर्धे वेतन. मुदत अपंगत्व संपेपर्यंत किंवा पाच वर्षे, यांपैकी जी कमी असेल ती. इंग्लंडमध्ये नसलेली ही पाच वर्षांची कमाल मर्यादा येथे आली.

५/ या शंभर वर्षांत मुदतीचे एक टोक हलले, दुसरे जागच्या जागी राहिले. सुरुवातीचे दहा दिवस बिनभरपाईचे होते. १९३३ च्या दुरुस्तीने ते सात झाले, १९५९ च्या दुरुस्तीने तीन. अपंगत्व २८ दिवस वा अधिक टिकले तर भरपाई पहिल्या दिवसापासून मोजली जाते. पाच वर्षांची मर्यादा मात्र आजही पाचच आहे.

६/ कायमच्या अपंगत्वाला पंधरवड्याचा हिशेब लागत नाही, तेथे एकरकमी भरपाई असते. ३० वर्षांच्या कामगाराचे मासिक वेतन १५,००० रुपये धरले, तर पूर्ण अपंगत्वाची रक्कम वेतनाचे ६० टक्के गुणिले २०७.९८, म्हणजे १८,७१,८२० रुपये होते. अंगठा गेल्यास कायदा ३० टक्के क्षमता गेली असे मानतो. त्याची भरपाई ५,६१,५४६ रुपये.

७/ कागदावर हे स्पष्ट आहे. मात्र १९२३ साली बीड ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हते. ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा तेथे लागू नव्हता. पुढे १९५० च्या सुमारास लोणी येथे प्रवरा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, सहकारी साखर कारखानदारी वाढली आणि १९७२ च्या दुष्काळानंतर बीडचे हंगामी स्थलांतर अधिकच वाढले. कायदा आणि कामगार एका राज्यात आले, तरी त्यांची गाठ पडणे सोपे नव्हते.

८/ पहिली अडचण मालक ओळखण्याची. टोळी गोळा करतो मुकादम. हंगामापूर्वी तो उचल देतो आणि ती टनांवर फेडून घेतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. उचल जोडीची, टनाचा हिशेबही जोडीचा. मग बाईचा हात कापला तर तिचे स्वतःचे मासिक वेतन किती, हे दाखवणारा कागद कोठून आणायचा? आणि काम चुकलेल्या दिवसाचा अनेक टोळ्यांत ‘खाडा’ धरून पैसे कापले जातात. जखमीला भरपाई देणाऱ्या कायद्याच्या हे नेमके उलट आहे.

९/ दुसरी अडचण कारखान्याच्या जबाबदारीची. कायद्याचे १२ वे कलम सांगते की, आपल्या व्यवसायाचेच काम कंत्राटदाराकडून करून घेणारा मुख्य मालक भरपाईला बांधील असतो. त्याने ती नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावी. याच कलमाचे चौथे पोटकलम मात्र अट घालते: अपघात मुख्य मालकाने काम पत्करलेल्या किंवा त्याच्या ताब्यातील जागेत अथवा तिच्या आसपास झालेला असावा. फड शेतकऱ्याचा, तोडणीचे वेळापत्रक कारखान्याचे, टोळी मुकादमाची. वादाचे मूळ या तिढ्यात आहे.

१०/ तिसरी अडचण विम्याची. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यात तात्पुरते अपंगत्व टिकेल तोवर रोख लाभ मिळतो, पाच वर्षांची भिंत तेथे नाही. परंतु त्या कायद्याने हंगामी कारखाने वगळले आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत साखर व गूळ यांचा नावानिशी उल्लेख होता. अधिक उदार मुदतीचे दार साखर धंद्यापुरते बंदच राहिले.

११/ तरीही १९२३ च्या कायद्यातील एक कलम ऊसतोडीच्या व्यवहाराला थेट भिडते. ते म्हणजे ९ वे. भरपाईची रक्कम गहाण ठेवता येत नाही, तिच्यावर जप्ती येत नाही आणि कोणतेही येणे तिच्यातून वळते करता येत नाही. म्हणजे फिटायची राहिलेली उचल मुकादमाला भरपाईतून कापून घेता येत नाही. १७ व्या कलमानुसार भरपाईचा हक्क सोडून देणारा करारही रद्दबातल ठरतो.

१२/ दावा करण्यासाठी या कायद्याने अपघातापासून दोन वर्षे दिली. ऊसतोडीच्या भाषेत दोन हंगाम. पहिला हंगाम जखम भरण्यात जातो. दुसऱ्यात उरलेली उचल फेडण्यासाठी तीच जोडी, कधी घरातले कोवळे पोर सोबत घेऊन, पुन्हा फडात उभी राहते. कागद जमवून नुकसानभरपाई आयुक्तांपुढे जाण्यास सवड उरत नाही.

१३/ २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली. तात्पुरत्या अपंगत्वाची पाच वर्षांची मर्यादा आणि विम्यातून हंगामी कारखान्यांना वगळण्याची तरतूद नव्या संहितेतही आहे.

१४/ भरपाई किती काळ मिळते, याचे कायद्यातील उत्तर ‘जास्तीत जास्त पाच वर्षे’ असे आहे. बीडच्या फडात त्या पाच वर्षांचा पहिला दिवस उजाडण्यासाठी आधी ‘मालक कोण’ या प्रश्नाचे उत्तर लागते. उचलीचा हिशेब मुकादमाच्या वहीत तारखेनिशी असतो. अपघाताची नोंदही तितक्याच काटेकोरपणे, त्याच दिवशी, कारखान्याच्या नावासह होऊ लागली, तर शंभर वर्षांपूर्वीची तरतूद फडापर्यंत पोहोचेल.