हललं ते कोण? पहाऱ्यावरच्या कॅमेऱ्याची कुळकथा

ताडोबाच्या बफरमधल्या सीतारामपेठ गावाच्या कडेला 2023 साली नव्या जातीचे कॅमेरे लागले. वाघ किंवा बिबट गावाकडे येताना दिसला की कॅमेऱ्यामागचं यंत्र त्याला ओळखतं आणि वनकर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर इशारा जातो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात मचाणावर रात्र काढणारा जागल्या पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आला: खसफस झाली की तो वारा, रानडुक्कर की वाघ, हे क्षणात ठरवायचं. यंत्राला हे जमायला जवळपास शंभर वर्षं लागली.

या कुळातला एक जुना पूर्वज आंधळा होता. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने 1920च्या दशकात उत्तरेकडच्या तराईच्या जंगलांत जनावरांच्या वाटेवर तार ताणली. वाघाचा पाय तारेत अडला की झगझगीत उजेड पडे आणि छायाचित्र निघे. पुढे तारेच्या जागी उष्णता टिपणारा सेन्सर आला. व्याघ्रगणनेसाठी झाडांना बांधतात ते ट्रॅप कॅमेरे याच शाखेतले. समोर काहीतरी उबदार हललं, एवढंच त्यांना कळतं. उन्हाने तापलेलं गवत डोललं तरी फोटो निघतो. 2018-19च्या गणनेत देशभर 26,838 ठिकाणी असे कॅमेरे होते. फोटो निघाले 3 कोटी 48 लाखांहून जास्त, त्यांतले वाघाचे 76,651. गणनेला हे पुरतं. गावाला सावध करायला मात्र त्याच क्षणी कळावं लागतं.

त्यासाठी दुसरी शाखा लागली, आणि तिच्या मुळाशी विदर्भात शिकलेला एक माणूस आहे. रमेश जैन 1969 साली नागपूरच्या व्हीआरसीईतून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून, इंजिनिअर झाले. 1979मध्ये त्यांनी हान्स-हेलमुट नागेल या जर्मन संशोधकासोबत एक निबंध लिहिला. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रं. एका चित्रातून दुसरं वजा केलं की जे बदललं नाही ते शून्य होतं, उरतं ते हललेलं. जैन आणि नागेल यांनी हे फरक चित्रामागून चित्र साठवत नेले, म्हणजे बिंदूबिंदूवर बदल किती वेळा झाला याचा हिशेब राहतो आणि हलणाऱ्या वस्तूचा आकार व दिशा उलगडते. प्रयोगासाठी खोलीत मांडलेले ठोकळे सोडून त्यांनी बाहेरच्या खऱ्या जगाची दृश्यं घेतली, याचं मोल मला फार वाटतं.

पण खऱ्या जगात बांबू असतो. ताडोबातलं बांबूचं रान वाऱ्यावर सदोदित हलतं, ढगांच्या सावल्या सरकतात, आणि नुसती वजाबाकी करणारं यंत्र दिवसभर ओरडत राहील. यावरचा टिकाऊ तोडगा 1999मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत ख्रिस स्टॉफर आणि एरिक ग्रिमसन यांनी काढला. चित्रातल्या प्रत्येक बिंदूची एकच नोंद न ठेवता तिथे नेहमी दिसणाऱ्या अनेक रंगछटांची नोंद ठेवायची. त्या बिंदूवर कधी पान दिसतं, कधी पानामागचं आभाळ, दोन्ही नेहमीचंच. या दोहोंत न बसणारं काही आलं तरच दखल घ्यायची. जागल्याचा कान नेमकं हेच करतो. त्याला सगळं ऐकू येतं, पण रोजच्या आवाजांनी त्याची झोप मोडत नाही.

तरी एक मोठी खोट राहिली. जे बराच वेळ हलत नाही ते यंत्र हळूहळू परिसरात जमा करून टाकतं. झुडपाआड दबा धरून बसलेला वाघ त्याच्या लेखी झुडूपच होतो, आणि माणसाला खरा धोका त्याच वाघाचा. म्हणून हालचाल टिपणं पुरेसं नव्हतं, ओळख पटवणं भाग होतं. लाखो चित्रांवर शिकवलेली न्यूरल नेटवर्कं 2012नंतर ते करू लागली. 2015मध्ये आलेल्या ‘योलो’ पद्धतीने चित्रावर एकदाच नजर फिरवून कुठे काय आहे ते सांगायला सुरुवात केली. वाघ हलो वा न हलो, पट्टे दिसले की पुरे. गावाच्या कडेचा पहारा शक्य झाला तो इथे.

पण हा पहारा गावाच्या वेशीपर्यंतच पोचतो. मे 2025मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या, त्या जंगलात. म्हणून माझं मागणं असं. तेंदू आणि मोहफुलांच्या हंगामात कॅमेरे बायकांच्या रोजच्या वाटांवरही लागावेत, आणि जागा त्या बायकांना विचारूनच ठरावी. वाघ कोणता आणि बाई कोणती, हे यंत्राला आता कळतं. तेव्हा बायकांवर पाळत राहू नये म्हणून बाईचं चित्र त्याने तिथल्या तिथे पुसून टाकावं, ही अट ग्रामसभांनी ठरावात घालून घ्यावी.