शब्द शोधावा कसा?



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी मुलांना उत्तरे पाठ करविण्याऐवजी प्रश्न विचारावयास शिकविले. म्हणून आज मी प्रश्नाच्या भाषेविषयी, म्हणजे मजकुरात शब्द शोधण्याच्या रीतीविषयी चार शब्द बोलणार आहे.

ही वाट मराठीत प्रथम रुंद केली ती कोशकारांनी. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला; त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. योगायोग असा की, १८३१ मध्येच बेळगावात बाबा पदमनजी जन्मले आणि पुढे १८६३ मध्ये त्यांनीच त्या कोशाचा संक्षेप सिद्ध केला. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत प्रसिद्ध झाला. या सर्व कोशांचा वाचकाशी एक अलिखित करार होता. ‘घोड्याला’ हे रूप अडले, तर वाचकाने ‘घोडा’ या शब्दापाशी यावे. सामान्यरूप सोडविण्याचे काम वाचकाची बुद्धी करीत असे.

यंत्राला ती बुद्धी नाही. १९७३ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी युनिक्स प्रणालीसाठी ‘ग्रेप’ हे शोधसाधन तयार केले. त्याला आज्ञा टंकून द्यावी लागते. आज्ञेत शोधावयाचा नमुना असतो आणि त्याआधी आडवी रेघ देऊन एखादे रोमन अक्षर लिहिता येते. त्याला पर्याय म्हणतात. ‘आय’ लिहिले, तर मोठी व लहान अक्षरे एकच मानली जातात. ‘व्ही’ लिहिले, तर न जुळणाऱ्या ओळी मिळतात. ‘डब्ल्यू’ लिहिले, तर अखंड शब्दच जुळतो.

हे पर्याय रचणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर त्यांच्या लिपीच्या अडचणी होत्या. रोमन लिपीत मोठी व लहान अक्षरे आहेत, म्हणून त्यांच्यासाठी सोय झाली. देवनागरीत तो भेदच नाही. आपल्या अडचणी ऱ्हस्वदीर्घाच्या, अनुस्वाराच्या आणि विभक्तीच्या. त्यांच्यासाठी त्या आज्ञेत एकही अक्षर नाही.

आपल्या गावाचेच नाव घ्या. ‘सांबरा’ असे शोधले, तर ‘सांबऱ्याचा विमानतळ’ हाती लागत नाही. शेवटचा काना काढून ‘सांबर’ एवढेच दिले, तर रानातले सांबर मात्र हजर होते आणि ‘सांबऱ्याचा’ तरीही निसटू शकतो. कारण युनिकोड या संकेतात ‘र’ आणि ‘ऱ’ यांचे क्रमांक वेगळे आहेत. शिवाय हा अर्धा ‘ऱ’ दोन निरनिराळ्या रीतींनी टंकता येतो. यावर उपाय नमुन्याच्या व्याकरणात आहे. चौकटी कंसात ‘र’ व ‘ऱ’ दोन्ही लिहून ‘सांब[रऱ]’ असे विचारले, की दोहोंपैकी कोणतेही चालते. तसेच विस्तारित नमुन्याचा ‘ई’ हा पर्याय घेऊन अनुस्वारापुढे प्रश्नचिन्ह ठेवले, की ‘गां?व’ या नमुन्याला ‘गाव’ आणि ‘गांव’ दोन्ही जुळतात.

हा केवळ तांत्रिक खटाटोप नव्हे. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे नियम स्वीकारले आणि उच्चारात नसलेले कितीतरी अनुस्वार गळाले. त्यापूर्वीच्या छापील मजकुरात ‘बेळगांव’ भेटते, नंतरच्यात ‘बेळगाव’. १ नोव्हेंबर २०१४ पासून शासकीय नाव ‘बेळगावी’ झाले. उद्या एखादा विद्यार्थी एकाच रूपाने शोध घेईल आणि लिहील, ‘नोंद आढळत नाही.’ सीमाभागातील माणसाला या वाक्याचे वजन निराळे सांगावयास नको. न सापडणे म्हणजे नसणे नव्हे; कित्येकदा ते नीट न विचारणे असते.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. जुनी हजेरीपटे, इतिवृत्ते संगणकावर उतरविणाऱ्यांनी मूळ लेखन सुधारू नये; अनुस्वार असेल तर तो तसाच ठेवावा, कारण तोही पुरावाच आहे. आणि शोध घेणाऱ्याने उत्तराशेजारी आपला प्रश्न, कोणत्या रूपांनी शोधले ते, लिहून ठेवावे. म्हणजे पुढच्याला चूक कोठे राहिली ते कळेल. या शाळेतून संगणकक्षेत्रात गेलेल्यांपैकी कोणी अनुस्वार आणि सामान्यरूप जाणणारा पर्याय मराठीसाठी रचला, तर ती आपल्या गुरुजनांना खरी गुरुदक्षिणा ठरेल.