याजकाचा भरलेला हात

आमचा जन्म मजुरीचे करार आणि पगाराचे तक्ते वाचण्यात गेला. त्यामुळे धर्मग्रंथ हाती घेतला तरी कोणाला काय मिळत होते, याकडेच आमची नजर आधी जाते. हा दोष असेल. पण प्राचीन इस्राएलातील याजकपदाचा अर्थ आम्हांला त्याच वाटेने उमगला.

याजकाला पदावर बसविणे, याला हिब्रूत ‘हात भरणे’ म्हणतात. आपल्याकडे ओटी भरतात, चुडा भरतात. तिकडे याजकाचा हात भरीत. कशाने? युफ्रेटिसकाठी मारी नगरीचे उत्खनन १९३३ साली सुरू झाले. तेथे इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातील मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांत लुटीतून अधिकाऱ्यांना मिळणाऱ्या वाट्याला याच घडणीचा शब्द आहे. तेव्हा मुळात हात भरे तो उत्पन्नाच्या वाट्याने, असे काही पंडित म्हणतात.

‘शास्ते’ या ग्रंथातील मीखाची गोष्ट याला जुळते. आपल्या घरच्या देव्हाऱ्यासाठी त्याने बेथलेहेमाहून आलेल्या एका तरुण लेव्याचा हात भरला. ठराव असा : सालाला १० शेकेल रुपे, म्हणजे सुमारे ११० ग्रॅम, शिवाय एक पोशाख आणि पोटाला अन्न. चक्क सालगडीच! पुढे दान वंशाच्या लोकांनी सबंध वंशाचे याजकपद देऊ केले, तेव्हा मालकाचे देव उचलून हा गृहस्थ आनंदाने चालता झाला. यराबाम राजाच्या काळी तर उलटाच प्रकार. एक गोऱ्हा व सात मेंढे घेऊन येईल तो याजक होई, अशी तक्रार ‘इतिहास’ ग्रंथात नोंदलेली आहे. नोकरीसाठी उमेदवारानेच मोजायचे!

हे ध्यानात ठेवून ‘लेवीय’ ग्रंथाचा आठवा अध्याय वाचावा. मोशे अहरोनाला व त्याच्या मुलांना दीक्षा देतो. ‘हात भरण्याचा मेंढा’ कापला जातो. त्याचे रक्त त्यांच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला लावतात. मग चरबी, दोन्ही गुरदे, उजवी मांडी आणि टोपलीतील बेखमीर भाकरी त्यांच्या तळहातांवर ठेवून ओवाळतात. हात खरोखरच भरतात. आणि लगेच मोशे ते सारे त्या हातांतून काढून घेऊन वेदीवर जाळतो! एरवी शांत्यर्पणाच्या पशूचे ऊर आणि उजवी मांडी हा याजकाचा ठरलेला हक्क. आज मांडी अग्नीला गेली, ऊर मोशेला. कारण त्या दिवसाचे काम त्याने केले. आमच्या मते साऱ्या विधीचे मर्म या एका हिशेबात आहे. लेव्यांना वतनजमीन नव्हती, पोट या वाट्यावरच चालायचे. आणि तोच वाटा आधी हातावर ठेवून काढून घेतला.

उरलेले मांस तंबूच्या दाराशी शिजवून भाकरीबरोबर खायचे, उरेल ते जाळायचे, साठवण नाही. सात दिवस दार सोडायचे नाही. आठव्या दिवशी अहरोन कामावर रुजू झाला, आणि पहिला बळी त्याने स्वतःच्याच पापाबद्दल दिला.