जखमांचा हिशोब

शनिवारी एका मित्राशी कडाक्याचं भांडण झालं. 'वॉरहॅमर'ची जुनी आठवी आवृत्ती खेळत होतो. त्याच्या तोफेचा गोळा माझ्या ऑगरला (म्हणजे तिप्पट आडवा राक्षस) लागला, फासा पडला ५. ऑगरच्या जखमा ३. तो मेला, मान्य. पण साहेब म्हणे, उरलेल्या २ शेजारच्या ऑगरच्या खात्यात टाक! मी म्हटलं, का म्हणून?

वादाचं मूळ शोधताना बराच मागे गेलो. एच. जी. वेल्सच्या 'लिटल वॉर्स'मध्ये (१९१३) भानगडच नव्हती. खेळण्यातल्या तोफेने सैनिक पाडला की तो मेला, विषय संपला.

पंचाईत झाली ती ड्रॅगन आणि जादूगार टेबलावर आल्यावर. १९७१ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी अमेरिकेत 'चेनमेल' नावाची नियमावली काढली. त्यात फँटसीची पुरवणी होती. आता कथेतला हिरो पहिल्याच फटक्यात मेला तर कसं चालेल? म्हणून त्यांनी ठरवलं, हिरो म्हणजे चार माणसं. त्याला मारायला चार जीवघेणे फटके हवेत, तेही एकाच वेळी. तीन बसले तर? काही नाही, पुढच्या फेरीत गडी पुन्हा कोरा. आमच्या भाषेत, हिरो स्टेटलेस होता.

गणित करून बघा. साध्या पायदळाला साध्या पायदळाविरुद्ध ६ पडावा लागतो. तसल्याच हत्यारांच्या हिरोला चौघांनी घेरलं, तर एका फेरीत तो मरण्याची शक्यता १२९६ मध्ये १! जखमा साठत गेल्या असत्या, तर त्याच चौघांनी सहा-सात फेऱ्यांत काम उरकलं असतं.

जखमा साठवणं आणलं डेव्ह आर्नेसनने, त्याच्या 'ब्लॅकमूर' खेळात. तिथे प्रत्येकाकडे सैन्य नाही, एकच पात्र, आणि ते एका फटक्यात गेलेलं कुणालाच आवडेना. त्याने ही कल्पना उचलली ती अमेरिकन यादवी युद्धातल्या चिलखती जहाजांवरच्या स्वतःच्याच खेळातून, असं त्यानेच पुढे सांगितलं. जहाज एका गोळ्यात बुडत नाही, हळूहळू निकामी होतं. म्हणजे व्हिडिओ गेममधली आपली हेल्थची पट्टी मुळात जहाजाची! १९७४ च्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये चौथ्या पातळीच्या योद्ध्याचं नाव 'हिरो'च, आणि त्याचे हिट पॉइंट्स ठरवायला फासे चार. हत्याराची इजासुद्धा एका फाशाची. 'चेनमेल'मधली ती चार माणसं आत लपून बसली होती.

वॉरहॅमर आलं इंग्लंडमध्ये, १९८३ साली. शंभर सैनिकांचे हिट पॉइंट्स वहीत कोण लिहीत बसणार? म्हणून साध्या सैनिकाला १ जखम, ऑगरला ३, मोठ्या ड्रॅगनला ६. पण मग तोफगोळ्याने ड्रॅगनची एकच जखम जावी हे हास्यास्पद झालं असतं. त्यावर उतारा म्हणजे बहुजखमांचा नियम: चिलखताचा फासा फसला की एका जखमेच्या होतात १ ते ३ किंवा १ ते ६. इथे क्रम महत्त्वाचा. आधी चिलखत, मग गुणाकार. उलटं केलं तर चिलखत गोळ्याचे तुकडे करून थोडे अडवणार, थोडे सोडणार. गोळा असा अडत नाही, एक तर पूर्ण अडतो नाहीतर पूर्ण लागतो.

आणि आमच्या वादाचं उत्तरही इथेच आहे. पाच वेगवेगळ्या भाल्यांच्या पाच जखमा झाल्या, तर त्या तुकडीच्या खात्यात जातात. एक ऑगर मरतो, उरलेल्या २ पुढच्याला लागतात. पण गुणाकाराने आलेल्या जखमा एकाच देहाच्या. त्याच्या ३ संपल्या की बाकीच्या वाया. एका ऑगरला गोळा जास्तच जोरात लागला म्हणून दुसरा का मरावा?

२०१५ मध्ये हा खेळ बंद करून 'एज ऑफ सिगमार' आणला, त्यात नुकसान खुशाल शेजाऱ्यावर सांडतं. खेळ पटापट होतो, कबूल. पण एका भुताला हाणलेल्या हातोड्याने बाजूची तीन भुतं मरतात हे मला अजून पचलेलं नाही. २०२४ मध्ये 'द ओल्ड वर्ल्ड' आला आणि बहुजखमांचा नियम पुन्हा टेबलावर दिसला.

असो. मित्राने पुस्तक उघडलं, पान वाचलं, आणि पुढच्याच फेरीत ६ टाकून तो दुसरा ऑगरही उडवला.