कमांड लाइनने क्लाउडवर फायली चढविणे (कुवेत)

पडद्यावरील चित्रांचा व बटणांचा आधार न घेता, टंकित आज्ञेच्या एका ओळीने आपल्या संगणकातील फायली दूरस्थ संचयगृहात, रूढ भाषेत क्लाउडवर, पाठविण्याची, तेथील प्रतीचा मुळाशी ताळा घेण्याची आणि तीच क्रिया हवी तितक्या वेळा जशीच्या तशी करविण्याची पद्धती. ॲमेझॉनने १४ मार्च २००६ रोजी ‘एस३’ ही संचयसेवा खुली केल्यानंतर या पद्धतीचा प्रसार वाढला. निक क्रेग-वुड यांनी रचलेले ‘आरक्लोन’ हे मुक्त साधन सत्तरांहून अधिक सेवांशी व्यवहार करते व घरगुती उपयोगास ते सोयीचे पडते.

कुवेतमधील मराठी कुटुंबास या विषयाचे अगत्य का असावे, हे २ ऑगस्ट १९९० या तारखेवरून ध्यानात येते. त्या पहाटे इराकी फौजा देशात शिरल्या, त्यांच्या ताब्याच्या काळात राष्ट्रीय संग्रहालय लुटले व जाळले गेले, आणि आक्रमणानंतरच्या काही आठवड्यांत मुख्यतः एअर इंडियाच्या विमानांनी अम्मानमार्गे सुमारे १,७०,००० भारतीयांना मायदेशी आणले. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९१ मध्ये नुकसानभरपाई आयोग स्थापन केला, तेव्हा देश सोडावा लागल्याबद्दलची ठराविक रक्कम अल्प पुराव्यावर मिळण्याजोगी होती. परंतु त्याहून मोठ्या नुकसानीचा दावा शाबीत करण्यास दस्तऐवज लागत, आणि करारपत्रे, बँकेची पुस्तके, दुकानाची दप्तरे ही तर ज्या घरांना घाईने कुलूप लावून माणसे निघाली होती त्याच घरांत राहिलेली. आयोगाचे अखेरचे देणे जानेवारी २०२२ मध्ये चुकते झाले. दस्तऐवजाची दुसरी प्रत दुसऱ्या भूमीवर असणे म्हणजे काय, हे त्या पिढीला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रत्यक्ष कृती अवघड नाही. साल्मियातील एखाद्या घरी सिव्हिल आयडी, पदवीची प्रमाणपत्रे, मुलांच्या गुणपत्रिका, गावच्या जमिनीचा सातबारा आणि लग्नाची छायाचित्रे ‘दप्तर’ नावाच्या एका फोल्डरमध्ये आहेत, असे समजू. ‘आरक्लोन कॉन्फिग’ या आज्ञेने खात्याची ओळख एकदाच पटवून द्यावी लागते; त्यानंतर ‘आरक्लोन कॉपी’ लिहून पुढे मूळ फोल्डर व मग गंतव्य स्थान दिले आणि ‘प्रोग्रेस’ हा शब्द जोडला, की किती भाग गेला आणि किती वेळ उरला, हे पडद्यावर सरकत्या आकड्यांनी दिसू लागते. ‘सिंक’ ही आज्ञा मात्र जपून वापरावी, कारण मुळात जे नाही ते ती गंतव्य स्थानीही पुसून टाकते, आणि चुकून रिकामा फोल्डर दिल्यास वर्षानुवर्षांचा संचय क्षणात जाऊ शकतो. म्हणून प्रथम ‘ड्राय-रन’ हा शब्द जोडून नुसती रंगीत तालीम घ्यावी. शेवटी ‘चेक’. दोन्हीकडील प्रतींची ही रुजवात हाच या पद्धतीचा खरा गुण होय, असे आमचे मत आहे.

जून २०२४ च्या उष्म्यात कुवेतमध्ये काही भागांत पाळीपाळीने वीज बंद ठेवावी लागली. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहनजीक समुद्रतळावरील केबल तुटल्या, तेव्हा भारत व कुवेत दोहोंकडील इंटरनेट मंदावले. अशा कारणांनी फायली चढविण्याचे मध्येच खंडित झालेले काम तीच आज्ञा पुन्हा दिली की पुढे चालते. पोहोचलेल्या फायली वगळल्या जातात, अर्धवट राहिलेली तेवढी पहिल्यापासून जाते. एस३ मध्ये मोठी फाइल तुकड्यांनी चढते, आणि अपुऱ्या राहिलेल्या फाइलचे तुकडे काढून टाकीपर्यंत त्यांचे भाडे आकारले जाते, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

संचयगृह कोठे असावे, हे निवडता येते: ॲमेझॉनची केंद्रे मुंबईत २०१६ पासून, बहारीनमध्ये २०१९ पासून आहेत. घरच्या कागदपत्रांस, वरील इतिहास पाहता, मुंबई बरी. आरक्लोनच्या ‘क्रिप्ट’ या सोयीने फायली कूटबद्ध होऊनच बाहेर पडतात; परंतु तिचा परवलीचा शब्द हरवला तर सेवाचालकासही त्या उघडता येत नाहीत. तो शब्द कागदावर लिहून गावी एखाद्या विश्वासू आप्ताजवळ ठेवावा.