दासोपंतांची पासोडी

पासोडी म्हणजे जाड्याभरड्या सुताचे पांघरूण. कुणब्याने दिवसा खांद्यावर टाकावे आणि रात्री तेच अंगावर ओढून घ्यावे, याहून अधिक मान त्याला सहसा मिळत नाही. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे मात्र एका पासोडीने मराठी वाङ्मयाच्या इतिहासात स्थान मिळविले आहे. सुमारे 40 फूट लांब व 4 फूट रुंद अशा या सुती कापडावर दासोपंतांनी पंचीकरण हा वेदान्तविषय ओवीबद्ध करून लिहिला.

दासोपंतांचा काळ 1551 ते 1615. गोदावरीच्या पैलतीरी, जरीच्या वस्त्रांकरिता गाजलेल्या पैठणात, त्याच सुमारास एकनाथ ग्रंथरचना करीत होते. कागद दुर्मिळ म्हणून पंतांनी कापड घेतले असावे, हा तर्क पटण्याजोगा नाही. त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा म्हणून सांगतात. रोज एका ढबू पैशाची शाई त्यांना लागे, अशीही आख्यायिका आहे. एवढा लिहिणारा पुरुष पासोडीकडे वळला तो बुद्धिपुरस्सरच.

पंचीकरणात प्रत्येक महाभूताचा अर्धा भाग त्याचा स्वतःचा आणि उरलेला अर्धा इतर चार भूतांच्या अष्टमांशांनी भरलेला असतो. अशी गुंतागुंत पोथीची पाने उलटताना दृष्टीआड होते. पसरलेल्या वस्त्रावर ती एकत्र नांदते. शिवाय वेदान्ताला वस्त्राचे वेड जुनेच. घडी घातलेले आणि उलगडलेले वस्त्र एकच, हा दृष्टान्त शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात दिला आहे. चौदाव्या शतकातील ‘पंचदशी’च्या चित्रदीपात तर धुतलेला, खळ देऊन घोटलेला, रेखाटलेला आणि रंगविलेला, अशा पटाच्या चार अवस्थांवरून परमात्म्याचे निरूपण केले आहे.

ही खळ केवळ तत्त्वज्ञाची कल्पना नव्हे. कोऱ्या कापडावर शाई फुटते, अक्षराच्या कडा पसरतात. म्हणून चिंचोक्यासारख्या पदार्थाची खळ देऊन कापड घोटून घेण्याची रीत या देशात जुनी आहे. हाताने धोटा फेकावयाच्या मागावर पन्ह्याला विणकराच्या हातांची मर्यादा पडते. ताण्याच्या लांबीला तेवढी पडत नाही. लांबच लांब, पण पन्ह्याने बेताचा असा हा ग्रंथ मागाच्याच मापाचा दिसतो. एका माणसाच्या पांघरुणाला इतकी लांबी कशाला लागेल? ज्या हातांनी हे सूत कातले आणि विणले, त्यांचे चरित्र कोणी लिहिले नाही.

सुती वस्त्राला शत्रू पुष्कळ: ओल, कसर, उंदीर. सर्वांत कपटी शत्रू घडी. नेहमी एकाच जागी मोडलेले सूत तेथेच आधी विरते, आणि त्या रेषेवर असलेली अक्षरेही त्याच्याबरोबर जातात. म्हणून असे लेखनवस्त्र घडी न घालता मोठ्या व्यासाच्या रुळावर गुंडाळून ठेवणे बरे.