लुकलुकत्या दिव्यामागचा प्रबंध

सबमिशनच्या आधीच्या आठवड्यात पुण्यातल्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेलात, तर दुकानांच्या काउंटरला टेकून उभी असलेली इंजिनिअरिंगची पोरं एक शब्द हमखास उच्चारताना ऐकू येतील. आर्डुइनो. पत्त्याच्या पानाहूनही लहान असं हे निळसर सर्किट बोर्ड. त्याची नक्कल काही शे रुपयांत मिळते. घरी आणायचं, यूएसबीनं लॅपटॉपला जोडायचं, आठ-दहा ओळींचा प्रोग्रॅम चढवायचा. मग बोर्डावरचा इवलासा दिवा एक सेकंद लागतो, एक सेकंद विझतो. बास, एवढंच. पण ज्यानं कुणी तो दिवा पहिल्यांदा स्वतः पेटवलाय, त्याला त्या क्षणाची गंमत सांगायला नको.

त्या आठ-दहा ओळी कुणी ठरवल्या? दिवा लावायला नेमकी 'डिजिटलराईट' हीच आज्ञा का? हे शोधत मागे गेलं की आपण इटलीतल्या एका छोट्या गावात, तिथल्या दोन वर्षांच्या मास्टर्स कोर्समध्ये आणि एका विद्यार्थ्याच्या प्रबंधापाशी पोचतो. 'इंटरॅक्शन डिझाइनमध्ये मास्टर्स करतात म्हणजे नक्की काय करतात?' हा प्रश्न हल्ली बरेच जण विचारतात. त्याचं चांगलं उत्तर या गोष्टीत आहे. आणि एक सलही आहे.

टाइपरायटरचं गाव

गावाचं नाव इव्रिया. उत्तर इटलीत, तुरिन शहराजवळ. १९०८ साली कामिल्लो ऑलिव्हेट्टी यांनी इथे टाइपरायटरचा कारखाना काढला. त्यांचा मुलगा आद्रियानो याच्या हाती कारभार आला आणि कारखान्याचं रूपच पालटलं. कामगारांसाठी ग्रंथालय, त्यांच्या मुलांसाठी पाळणाघर, नामवंत वास्तुरचनाकारांनी बांधलेल्या घरांच्या वसाहती. यंत्र नुसतं चाललं म्हणजे झालं असं आद्रियानोला वाटत नसे. ते हाताला कसं लागतं, डोळ्यांना कसं दिसतं, याचाही विचार व्हायला हवा, असा त्याचा आग्रह. मार्चेल्लो निझ्झोली यांनी घडवलेला 'लेत्तेरा २२' हा सुटसुटीत टाइपरायटर न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात जाऊन बसला, तो या आग्रहामुळेच. १९६५ मध्ये याच कंपनीनं टेबलावर मावणारं 'प्रोग्रामा १०१' हे गणकयंत्र आणलं. पर्सनल कम्प्युटरच्या पूर्वजांमध्ये त्याचं नाव आदरानं घेतात.

आद्रियानो १९६० मध्ये वारला. पुढे टाइपरायटरचे दिवस सरले, कंपनीची रया गेली. इमारती तेवढ्या उरल्या. २०१८ साली युनेस्कोनं या गावाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

गोट्यांचं आन्सरिंग मशीन

आता थोडं गावाबाहेर. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बिल मॉग्रिज नावाचा ब्रिटिश डिझायनर 'ग्रिड कंपास' या घडी घालता येणाऱ्या लॅपटॉपच्या पहिल्या पिढीतल्या यंत्राचं बाह्यरूप घडवत होता. तयार झालेला नमुना वापरायला घेतला, तेव्हा त्याला एक चमत्कारिक अनुभव आला. ज्या कवचावर, बिजागरीवर एवढी मेहनत घेतली होती, ते काही मिनिटांतच विसरायला झालं. त्याचं सगळं लक्ष पडद्यात, तिथल्या सॉफ्टवेअरशी चाललेल्या देवाणघेवाणीत गुंतलं. म्हणजे वस्तूइतकंच तिच्याशी होणारं वागणंही घडवायला हवं. या कामाला मॉग्रिज आणि बिल व्हरप्लँक यांनी नाव दिलं, 'इंटरॅक्शन डिझाइन'.

हे शिकवायचं कसं, याचं एक उत्तर लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये जिलियन क्रॅम्प्टन स्मिथ यांनी शोधलं. १९९०च्या सुमारास त्यांनी तिथे कम्प्युटरशी संबंधित डिझाइनचा विभाग उभा केला. तिथल्या डरेल बिशप या विद्यार्थ्यानं १९९२ मध्ये एक आन्सरिंग मशीन कल्पिलं. तुम्ही घरी नसताना कुणाचा फोन आला, की या मशीनमधून एक गोटी घरंगळत बाहेर यायची. एक निरोप, एक गोटी. घरी आल्यावर खोबणीत किती गोट्या आहेत ते बघा, किती निरोप ते कळलं. गोटी उचलून मशीनवरच्या खळग्यात ठेवा, निरोप ऐकू येईल. तीच गोटी फोनवर ठेवा, निरोप देणाऱ्याला फोन लागेल. कुठलंही बटण लक्षात ठेवायला नको, माहितीपुस्तिका वाचायला नको. लहानपणी गोट्या खेळलेल्या कुणालाही वापरता येईल असं यंत्र.

हे मशीन बाजारात कधी आलं नाही. तरीही इंटरॅक्शन डिझाइनच्या वर्गात आजही त्याचं उदाहरण देतात. मास्टर्सच्या विद्यार्थ्याचं काम म्हणजे काय असू शकतं, ते त्यात दिसतं: माणसाला आधीपासून जे येतं, त्यावरच नव्या यंत्राची ओळख बेतायची.

निळं घर

२००१ साली इव्रियात 'इंटरॅक्शन डिझाइन इन्स्टिट्यूट' सुरू झाली. पैसा टेलिकॉम इटालिया आणि ऑलिव्हेट्टीचा, पहिल्या संचालक क्रॅम्प्टन स्मिथ. जागा होती ऑलिव्हेट्टीच्या जुन्या संशोधन केंद्राची. तिला सगळे 'निळं घर'च म्हणत. देशोदेशीचे, वेगवेगळ्या विषयांतले विद्यार्थी. कुणी वास्तुरचनाकार, कुणी चित्रकार, कुणी प्रोग्रॅमर.

कागदावर किंवा पडद्यावर कल्पना मांडणं त्यांना जमत होतं. अडायचं ते ती प्रत्यक्षात करून बघताना. समजा, कुणी जवळ आल्यावर उजळणारा दिवा करायचाय. त्यासाठी मायक्रोकंट्रोलर, म्हणजे बोटाच्या पेराएवढा छोटा कम्प्युटर लागतो. तेव्हा मिळणारे सोपे बोर्ड विद्यार्थ्यांच्या खिशाला जड होते आणि तोकडेही. नुसती चिप घ्यावी, तर तिच्या माहितीपत्रकाची शेकडो पानं वाचून कुठल्या रजिस्टरच्या कितव्या बिटमध्ये एक आणि कितव्यात शून्य लिहायचं, ते शोधावं लागे. दोन वर्षांचा कोर्स, त्यातले महिने त्यातच जायचे.

वायरिंग

एर्नांदो बारागान हा कोलंबियाचा विद्यार्थी. २००३ मध्ये त्यानं प्रबंधासाठी हीच अडचण निवडली. मार्गदर्शक होते मासिमो बान्झी आणि केसी रीस. यातले रीस महत्त्वाचे. त्यांनी आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये 'प्रोसेसिंग' तयार केलं होतं. पडद्यावर चित्रं काढण्यासाठी कलाकारांना झेपेल असं प्रोग्रॅमिंग. त्यात प्रोग्रॅमला 'प्रोग्रॅम' न म्हणता 'स्केच' म्हणत. चित्रकाराला स्केचची भीती वाटत नाही.

बारागाननं तोच साधेपणा पडद्यातून काढून तारांमध्ये आणला. प्रकल्पाचं नाव 'वायरिंग'. त्यात तीन गोष्टी एकत्र होत्या: एटीमेगा १२८ या चिपवरचं बोर्ड, प्रोग्रॅम लिहायची सोपी खिडकी आणि आज्ञांची भाषा. रजिस्टर आणि बिटांचा सगळा गुंता त्यानं पडद्याआड ढकलला. समोर ठेवले साधे शब्द. 'पिनमोड' म्हणजे ही पिन आत घेण्यासाठी की बाहेर देण्यासाठी, ते सांगा. 'डिजिटलराईट' म्हणजे ती चालू किंवा बंद करा. 'डिले' म्हणजे थांबा.

हे काम इंजिनिअरिंगचं वाटेल. ते आहेच. पण त्यामागचा प्रश्न डिझाइनचा होता. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या माणसाच्या डोक्यात 'दिवा लाव' हा विचार कसा येतो, आणि यंत्रानं त्याला त्याच शब्दांत कसं भेटावं? बिशपच्या गोट्यांचाच हा पुढचा डाव म्हणायचा. वायरिंगचे बोर्ड वर्गातल्या सहाध्यायांनी वापरले, त्यांच्या अडचणींतून ते सुधारत गेले. २००४ मध्ये प्रबंध विशेष प्रावीण्यासह मान्य झाला. बारागान कोलंबियाला परतला आणि शिकवू लागला. वायरिंग मुक्त स्रोत होतं, म्हणजे कुणीही वापरावं, बदलावं.

राजाच्या नावाचा बार

२००५. निळ्या घराचे दिवस भरत आले होते. संस्थेचा पैसा आटत चालला होता आणि त्याच वर्षी ती मिलानच्या डोमस अकादमीत विलीन झाली. इथलं काम संस्थेबरोबर संपून जाईल, ही तिथल्या मंडळींची धास्ती खरी होती. बान्झी, तिथलाच विद्यार्थी डेव्हिड मेलिस आणि स्पेनचे डेव्हिड कुआर्तिएयेस यांनी वायरिंग घेतलं, ते एटीमेगा ८ या स्वस्त चिपवर चालेल असं केलं आणि त्याची वेगळी शाखा काढली. पुढे टॉम आयगो आणि जानलुका मार्तिनो सामील झाले. नव्या प्रकल्पाला नाव दिलं गावातल्या एका बारचं, जिथे बान्झी जात असत. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीचा राजा झालेल्या इव्रियाच्या आर्दुइनवरून त्या बारचं नाव पडलं होतं.

आर्डुइनो जगभर पसरला. शाळेतल्या प्रयोगशाळांपासून शेतातल्या पाण्याच्या पंपांपर्यंत. त्याच्या माहितीत 'हे वायरिंगवर आधारलेलं आहे' असा उल्लेख असायचा. पण मुलाखतींत, माहितीपटांत, गोष्ट सुरू व्हायची ती पाच संस्थापकांपासून. २०१६ मध्ये बारागाननं 'आर्डुइनोचा न सांगितलेला इतिहास' या नावाचा दीर्घ लेख लिहिला. प्रबंधाची पानं, बोर्डांची छायाचित्रं, तारखा, सगळं मांडलं. नवी शाखा काढताना आपल्याला कुणी बोलावलं नाही, असं त्याचं म्हणणं.

कायद्यानं पाहिलं तर कुणी काही चोरलेलं नाही. मुक्त स्रोताचा अर्थच तो. स्वस्त चिप, नेटका प्रसार, वर्षानुवर्षं केलेली देखभाल, हे त्या पाच जणांचं काम खरं आहे. बारागानचं बोर्ड तसंच राहिलं असतं, तर ते तापकीर गल्लीपर्यंत पोचलं असतं का, कुणास ठाऊक. पण परवानगी आणि श्रेय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवाना पहिलीची सोय लावतो. दुसरी माणसांनी एकमेकांशी कसं वागायचं यावर सोडलेली असते. गंमत म्हणजे पुढे त्या पाच जणांतच नावावरून वाद होऊन तो कोर्टात गेला आणि २०१६ मध्येच मिटला. ऑक्टोबर २०२५ मध्ये क्वालकॉम या चिप कंपनीनं आर्डुइनो विकत घेत असल्याचं जाहीर केलं.

फायलीचं नाव

आज आयआयटी मुंबईच्या आयडीसीत इंटरॅक्शन डिझाइनचा एमडेस करता येतो. सीडची तयारी करणाऱ्या कुणाला वाटत असेल की हा ॲपचे पडदे सुंदर करण्याचा कोर्स, तर इव्रियाची गोष्ट त्याला सांगावी. आणि हेही सांगावं, की या कामात यश मिळालं की ते दिसेनासं होतं. दरवाजा सहज उघडला तर बिजागरी कुणी बसवली, हे कुणी विचारत नाही. म्हणून या क्षेत्रात इतिहास लिहून ठेवणं जास्तच गरजेचं. आपल्या ग्रुप प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर कुणाकुणाची नावं जातात आणि ज्याच्या जुन्या कोडवर सगळं उभं आहे त्याचं जातं का, इथपासून त्याची सुरुवात होते.

घरी आर्डुइनो असेल तर एक करून बघा. त्याचं सॉफ्टवेअर कम्प्युटरवर जिथे साठवलंय, त्या फोल्डरमध्ये खोल शिरा. 'कोअर्स' नावाचा फोल्डर सापडेल. त्यात वेळ मोजणारी, पिन चालू-बंद करणारी मूळ फायली आहेत. त्यांची नावं आजही 'वायरिंग' आणि 'वायरिंग डिजिटल' अशीच आहेत.